आधी डॉक्टर, मग गंगा

माई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर धावत होते. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालताना अंग कसं झुकवायचं हे मुलींना तोंडाने सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. कट्ट्यावरच्या बॅगेत फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. श्रीरंग, माझा नवरा, बँकेत आहे. कामाच्या वेळात तो स्वतःहून फोन करणाऱ्यातला नाही, म्हणून मी डाव सोडून धावत कट्ट्यापाशी गेले. "पल्लवी, घरी ये. माई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी मी निघाले तेव्हा माई स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या आणि पेपरातल्या कुठल्याशा पुढाऱ्याला मोठमोठ्याने सुनावत होत्या. भिंतीला टेकून त्यांनी जरा डोळे मिटले, आणि ते उघडलेच नाहीत. हृदयाचं होतं, डॉक्टर म्हणाले. अर्धी मेथी निवडून झाली होती. संध्याकाळी ती कुणीतरी टाकून दिली.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याशी बोलताना जरा बिचकत होत्या. सासू गेल्याचं सुनेला कितपत दुःख झालं असेल याचा अंदाज कुणाला यायचा? तेव्हा स्पष्टच सांगते, मला ते झालं, भरपूर झालं आणि अजून ओसरलेलं नाही. मी धावत होते असं वर लिहिलंय ना, ते धावणं माझ्या हातून जाणार होतं. माईंनी ते मला परत मिळवून दिलं. तीच हकीकत आज लिहायची आहे. विषय बायकांच्या अंगाचा आहे, सकाळच्या चहाबरोबर वाचायला काहींना जड जाईल. पण माईंनी तो भर घाटावर बोलून दाखवला होता, त्यामुळे इथे मी आडपडदा ठेवला तर त्या मला हिंदीत झापतील. माई रागावल्या की हिंदीत जायच्या.

मी अमरावतीची. शाळेपासून खो-खो खेळले, राज्यापर्यंत गेले, आणि लग्न होऊन बनारसला आले ते थेट मंगला गौरीच्या गल्लीत. पंचगंगा घाट तिथून हाकेच्या अंतरावर. इथली मराठी घरं पिढ्यान् पिढ्यांची, पुरोहितांची आणि शास्त्रीबुवांची. घरात मराठी बोलतात, पण ती 'सब्जी उतरव' आणि 'दरवाजा लोटून घे' छापाची. माझे सासरे, अण्णा, पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. खालच्या मजल्यावर मोठ्या काकू राहतात, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. काका बरीच वर्षं झाली, नाहीत. देवाचा नैवेद्य आमच्याकडे सोवळ्यात होतो, आणि ते सोवळं मी बघते तेव्हापासून काकूंच्या हातात. अंघोळ करून कोरडं, कुणी न शिवलेलं वस्त्र नेसायचं, नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, आणि त्यात जराही ओलं, उष्टं, अपवित्र चालायचं नाही.

या सगळ्यात माई कुठेच नसायच्या. नैवेद्याच्या चुलीपाशी त्या फिरकत नसत. कार्तिक महिन्यात गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका पहाटे पंचगंगेवर स्नानाला जायच्या, तेव्हा माई घरात चहा टाकून पेपराची वाट बघत बसायच्या. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते, माई इटारसीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, तेव्हा गल्लीने निकाल लावून टाकला होता की हिला धर्माचं काही नाही. काकू तर हे त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. माई कचोरीचा घास तोंडात घोळवत ऐकून घ्यायच्या आणि "जलेबी गरम आहे का बघ ग," असं मला म्हणायच्या. मला त्या फार आवडल्या. मनात म्हटलं, चला, या घरात एक तरी नास्तिक निघाला, आपलं इथे निभेल.

मग रेवा झाली. मुलगी वजनाला चांगली दणदणीत, कळा लांबलेल्या, टाके पडलेले. अमरावतीहून आई येऊन गेली, आणि बाकीचा सव्वा महिना काकूंनी माझा ताबा घेतला. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेक, शेगडी, सगळं यथासांग. जुन्या नऊवारीच्या पट्टीने त्या माझं पोट असं करकचून बांधायच्या की मला श्वास वरच्या वर घ्यावा लागे. बाळंतीण सैल राहिली की जन्माची सैल होते, असं त्या म्हणत. प्रेमाने करत होत्या, खोटं कशाला बोलू. सव्वा महिना झाला आणि गंगापूजनाचा दिवस आला. आमच्या घरची पद्धत अशी की त्या दिवशी बाळंतिणीने घाटावर जाऊन पूजा करायची आणि येताना पितळी कळशी भरून गंगेचं पाणी स्वतः कमरेवर आणायचं. वाटेत टेकवायची नाही. पंचगंगेच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. निम्म्या पायऱ्या चढून आले असेन, तेवढ्यात मांड्यांमधून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. मागून येणाऱ्या बायकांना मी सांगितलं की कळशी हिंदकळली. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं.

तेव्हापासून ते सुरूच झालं. शिंकले की, खोकले की, रेवाला उचललं की. संध्याकाळपर्यंत खाली असं जड वाटायचं की उभं राहवायचं नाही. मी कुणाला बोलले नाही. आईला फोनवर सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, होतं ग सगळ्यांना. आणि तिकडे शाळेतून निरोप आलेला होता. रजा संपल्यावर पहिल्यासारखं मैदान जमणार नसेल तर संकोच करू नका, आपण तुम्हाला ग्रंथालय देऊ, असं आमच्या मुख्याध्यापिका फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या. मी आणि ग्रंथालय! पुस्तकांशी माझं वैर नाही, पण मला आयुष्यात एकच गोष्ट धड येते आणि ती पायांनी करायची असते. ती गेली तर माझं काय उरत होतं?

खेळाडूच्या डोक्यात एकच उपाय येतो, तोच माझ्या आला. अंग ढिलं पडलंय ना, मग कसून मेहनत करा. दुपारी रेवा झोपली की मी गच्चीवर जाऊन दोरीवरच्या उड्या मारायची आणि पाठीवर पडून पोटाचे दणकून व्यायाम करायची. जितकं जास्त करावं तितकं जास्त सुटायचं, आणि जितकं सुटावं तितकी मी चिडून आणखी करायची. चैत्र लागला होता, गच्चीवर कुरडया वाळत होत्या. एक दिवस माई माकडं हाकलायची काठी घेऊन वर आल्या. दोरी माझ्या हातात, सलवार भिजलेली, आणि मी खाली बसून रागाने रडत होते. माईंनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि माझ्या शेजारी उन्हातच बसल्या.

"खोकल्यावर पण होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खाली काही उतरल्यासारखं वाटतं?"

"जड वाटतं. संध्याकाळी."

"माझं तर बाहेरच येतं," माई म्हणाल्या. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. मी रडायची थांबले.

श्रीरंग हे त्यांचं शेवटचं बाळंतपण. त्याच्या सव्वा महिन्याला त्यांनीही तीच कळशी त्याच पायऱ्यांवरून आणली होती, आणि घरी आल्यावर देवापुढे वाकल्या तेव्हा अंग खाली आल्याचं त्यांच्या हाताला लागलं होतं. घरात सांगायचं कुणाला? सासूला? अण्णांना? आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटलं. मग लघवी राहीनाशी झाली. "सोवळ्यात बसायचं तर अंग कोरडं पाहिजे ग," त्या म्हणाल्या. "माझं राहायचं नाही. नैवेद्य ढवळता ढवळता व्हायचं. देवाला फसवणं मला जमेना, आणि माणसांना खरं सांगणंही जमेना. मग सोवळंच सोडलं. घाटाच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, स्नान सोडलं. लोक म्हणाले धर्माचं काही नाही, म्हटलं म्हणू देत... त्यातल्या त्यात तेच बरं होतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. कुरडयांकडे बघत बोलत होत्या. मी ज्यांना इतके दिवस नास्तिक समजून खूश होते त्या बाईने कार्तिकस्नानासाठी इतकी वर्षं जीव टाकला होता, आणि ते मला त्या गच्चीवर कळलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," माई उठत म्हणाल्या. "माझं झालं ते झालं. तुझं नाही होऊ द्यायचं."

"तुम्हीही दाखवणार असाल तर येते."

"माझं आता काय दाखवायचं? म्हातारी झाले."

"मग मी पण नाही येत."

"अजीब लड़की है," माई हिंदीत गेल्या, तेव्हा मला कळलं की जमलं.

डॉक्टरीणबाई इथल्याच, पोक्त, कमी बोलणाऱ्या. मला वाटलं होतं एखादी गोळी देतील. त्यांनी आधी नीट विचारलं, मग तपासू का म्हणून माझी परवानगी घेतली, आणि तपासताना खोकायला लावलं, आतून आवळायला लावलं, सोडायला लावलं. पाठीवर निजवून मान उचलायला सांगितली आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवून बघितलं. पोटाचे स्नायू मधून फाकले होते. खालचे स्नायू, ज्यांच्यावर लघवीची पिशवी, आतडी, गर्भाशय सगळं तोललेलं असतं, ते ताणून दमले होते. पोटाचे कसले व्यायाम करत होतात, असं विचारल्यावर मी खरं सांगितलं. "कूदने को किसने कहा था आपसे?" त्या म्हणाल्या. मी उत्तर द्यायच्या आत पडद्यापलीकडून माईंचा आवाज आला, "किसी ने नहीं, ये अपने मन की है." पट्टी इतकी आवळून बांधल्याने सगळा भार खाली जातो, हेही तिथेच कळलं. बाळाला टोचायला सगळे वेळेवर घेऊन येतात, आई कशी आहे ते दाखवायला कुणी आणत नाही, असं काहीसं बाई लिहिता लिहिता पुटपुटल्या. सव्वा महिन्यानंतर प्रत्येकीने एकदा तरी येऊन जावं, काही होत असो वा नसो, म्हणाल्या.

मग माईंची पाळी. त्या पदर तोंडावर घेऊन टेबलावर निजल्या. मी त्यांचा हात धरला होता. केव्हापासून आहे हे, असं बाईंनी विचारलं. माई पदराआडून म्हणाल्या, "मेरा छोटा लड़का बैंक में अफसर है." बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुढचं तपासलं. ऑपरेशनचा मार्ग आहे, पण तूर्त एक रिंग बसवून बघू, असं ठरलं. मऊ रबरासारखी असते, आत बसवली की सगळं वर तोलून धरते, आणि काही महिन्यांनी येऊन साफ करून घ्यायची. बसवल्यावर त्यांनी माईंना बाहेर चालून यायला सांगितलं. माई कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. जिना दिसला तर तो चढून उतरून आल्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे इतकं सोपं होतं?" आणि मग मात्र त्यांना रडू आलं. बराच वेळ आलं. मीही रडले, त्यात लाज कसली.

अण्णांना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. मी रेवाला घेऊन शेजारच्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. "मला का नाही बोललीस?" अण्णांनी विचारलं. "तुम्ही कधी विचारलंत?" माई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णा पिण्याच्या पाण्याच्या बादल्या स्वतः वर आणायला लागले.

माझे व्यायाम सुरू झाले. एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, तिने शिकवलं. वारा सरायला आला आणि तो चारचौघांत रोखायचा आहे, असं आतून आवळायचं, थोडं धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही, पोट बाहेर ढकलायचं नाही. ऐकायला काहीच नाही, आणि करायला गेलं तर राज्यपातळीच्या खेळाडूला घाम फुटतो. माई माझ्यावर टपून असायच्या. भांडी घासता घासता, पोळ्या लाटता लाटता हुकूम सुटायचा, "आवळ. धर. आता सोड. श्वास घे ग बाई." त्या स्वतःही करायच्या. श्रीरंग जेवायला बसला की आम्ही दोघी एकदम गप्प होऊन समोर बघत राहायचो, आणि तो विचारायचा, काय झालं? मी दोनदा कंटाळून सोडून दिलं. दोन्ही वेळा माई रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "ग्रंथालय छान असेल, पंखा असेल तिथे." मी निमूट परत सुरू केलं. शाळा उघडली तेव्हा मी मैदानावर चालत शिकवलं. पाऊस ओसरता ओसरता हळूहळू पळायला लागले. दसऱ्याच्या आसपास एकदा मुलींबरोबर पूर्ण डाव खेळले, घामाने भिजले, आणि फक्त घामानेच भिजले. घरी येऊन माईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आज जलेबी आणायला तू धावत जा."

त्याच वर्षीच्या कार्तिकात माई पंचगंगेवर गेल्या. बांबूवरचे आकाशदिवे अजून विझले नव्हते. मी सोबत होते, पण त्यांना हात द्यावा लागला नाही. पायऱ्या उतरून त्या पाण्यात शिरल्या आणि बराच वेळ गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तोवर बायकांची कुजबुज पिकली होती. शेवटी एक शेजारीण पुढे झाली आणि कौतुकाने म्हणाली, "देवाने बुद्धी दिली म्हणायची माई तुम्हाला, उशिरा का होईना." माई केस पिळत होत्या. त्या थांबल्या आणि आपल्या नेहमीच्या, म्हणजे पलीकडच्या घाटावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बुद्धी होतीच ग. श्रीरंगच्या वेळेपासून अंग बाहेर येत होतं, लघवी राहत नव्हती, म्हणून येत नव्हते. आता डॉक्टरने रिंग बसवून दिलीय. तुमच्यातही कुणाला होत असेल तर लाजू नका, मला सांगा, मी घेऊन जाते." एका नाववाल्याला मराठी कळतं, तो घाईघाईने नाव लांब न्यायला लागला. मोठ्या काकूंनी ओला पदर डोक्यावर ओढला आणि एकट्याच पायऱ्या चढून गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या माईंशी बोलल्या नाहीत.

पण बायका आल्या. आधी एक सून, भाजी निवडायच्या मिषाने. मग तिची जाऊ. मग तिची आई, थेट मुगलसरायहून. मराठी, बनारसी, बंगाली, कुणी म्हणजे कुणी. माई प्रत्येकीला तोच दवाखाना दाखवायच्या, सोबत रिक्षातून जायच्या आणि बाकावर बसून राहायच्या. सगळ्यांची नड रिंगेवर भागत नसे. बहुतेकींना व्यायामाने बरं वाटे, एकीला ऑपरेशन लागलं, आणि तिच्या घरच्यांनी दिवस ढकलले तेव्हा माई तिच्या सासऱ्यांसमोर जाऊन बसल्या, हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. दवाखान्यात त्या सोबत आणलेल्या सगळ्यांची ओळख 'हमारी बहू' अशीच करून द्यायच्या. माईंना सुना किती, असं तिथल्या नर्सने मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

त्या काही देवी नव्हत्या. तारतम्य हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या नव्या बाळंतिणीला त्यांनी मठ्ठा वाढता वाढता विचारलं होतं, "शिंकल्यावर कोरडी राहतेस ना?" पलीकडे तिचे वडील बसलेले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. एका घराने तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. घरी येऊन त्यांनी मनसोक्त हिंदीत वाभाडे काढले आणि पुढच्या आठवड्यात त्याच दारात पुन्हा गेल्या. गंगापूजनाची कळशी तर त्यांनी बंदच करून टाकली. "आधी डॉक्टर, मग गंगा," त्या सांगत सुटल्या, आणि तपासल्यावरही बाळंतिणीने रिकाम्या हाताने वर यायचं, कळशी नवरा आणेल. यावर काही जुनी मंडळी अण्णांकडे निवाडा मागायला आली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की कळशी बाळंतिणीनेच आणावी असं वचन मला अजून सापडलेलं नाही, सापडलं की कळवतो. ते आजतागायत शोधताहेत.

माईंना शेवटची अंघोळ खालच्या मजल्यावर मी आणि मोठ्या काकूंनी घातली. घाटावरच्या त्या प्रसंगानंतर दोघी जावा पुन्हा बोलायला लागल्या होत्या, पण तेवढा एक विषय सोडून. काकूंनी इतर बायकांना काही ना काही आणायला पाठवून दिलं आणि दार लोटलं. मग खाली बघतच विचारलं, "ती रिंग... आहे का अजून?" मी हो म्हटलं. "काढायची का?" मी म्हटलं, राहू दे, त्यांचीच आहे. काकूंनी मान हलवली. पायांवर पाणी घालता घालता त्या पुन्हा म्हणाल्या, "दुखत नसेल ना ती?" मला वाटलं माईंच्या काळजीने विचारताहेत. "नाही काकू, असल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणायच्या," मी सांगितलं. मग आम्ही त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. पुरुषांनी त्यांना गल्लीगल्लीतून मणिकर्णिकेवर नेलं.

आता दिवसकार्य उरकून काही आठवडे झालेत. माईंची खोली वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आहे. एक खाट, एक स्टूल आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. कुणी बाई बोलायला आली की माई तो पडदा सोडायच्या. पडदा सोडलेला असला की आत बायकांचं काही चाललंय हे घरातल्या पुरुषांना न सांगता कळायचं. अण्णा अजूनही, वाऱ्याने पडदा सुटलेला दिसला तरी, जिन्यातूनच मागे फिरतात. त्या खोलीत गेलं की मला अजून स्टूल पुढे ओढल्याचा आवाज येईलसं वाटतं.

मागच्या रविवारी मी तिथे माईंची लुगडी घड्या करून ठेवत होते, कुणाला काय द्यायचं ते बघत. जिन्यावर कुणीतरी टेकत टेकत चढत असल्याचं ऐकू आलं. मोठ्या काकू. गेल्या कित्येक वर्षांत त्या वरच्या मजल्यावर आल्या नव्हत्या, गुडघे दुखतात म्हणायच्या. आत येऊन त्यांनी मागे वळून पडदा सोडला आणि स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसल्या.

"माझंही येतं," त्या म्हणाल्या.

मी हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"माझ्या थोरल्या मुलाच्या वेळेपासून. सोवळ्यात असताना एक ओलं झालं की गुपचूप दुसरं नेसायचे. देवाची क्षमा मागायचे आणि पुन्हा चुलीशी बसायचे. घरचा नैवेद्य कुणी करायचा ग? माईने सोडलं होतं... ती का सोडतेय ते मला तेव्हाच कळलं होतं. मला नाही कळणार तर कुणाला? आणि तरी तिला धर्माचं काही नाही म्हणून गावभर मीच सांगत फिरले. मग तिला कुठल्या तोंडाने म्हणू, मला पण ने म्हणून?"

त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण काकूंना असं कुणी जवळ घेत नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ, मी शाळेत सांगते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. डॉक्टर बाईच आहे ना, काय काय करतात, निजवतात का, तोंडावर पदर घेतला तर चालतो का. चालतो, मी म्हटलं. त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि पडदा बाजूला करता करता वळून म्हणाल्या, "माईला मात्र सांगू नको हं."

बोलून गेल्या, आणि पडदा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"नाही सांगणार," मी म्हटलं.